आसार महालातले ग्रंथ लंडनला कसे गेले?

विजापूरला जाणारा आपला माणूस गोलघुमट बघतो, इब्राहिम रौजा बघतो आणि परत फिरतो. आसार महालाकडे फार थोडे वळतात. १६४६च्या सुमारास मुहम्मद आदिलशहाच्या काळात ही इमारत न्यायदानासाठी बांधली गेली. पुढे इथे पैगंबर साहेबांचे (स.) मू-ए-मुबारक ठेवले गेले, म्हणून हे नाव. याच महालात आदिलशाही किताबखान्यातले उरलेसुरले ग्रंथही होते. उरलेसुरले अशासाठी की, १६८६मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने गाड्या भरून ग्रंथ नेले असं सांगतात. तेव्हा सगळं खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही.

पण जे उरलं होतं ते इंग्रजांनी हलवलं. विजापूर तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींकडे होतं. १८४८मध्ये छत्रपती शहाजी वारले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा झालं. त्यानंतर १८५३मध्ये महालातली हस्तलिखितं लंडनला कंपनीच्या लायब्ररीत गेली. हदीस, तफसीर, फिकह, व्याकरण, तसव्वुफ, बहुतेक अरबीत. कित्येकांवर आदिलशाही शिक्के आहेत, ग्रंथ शाही संग्रहात कधी आला याच्या नोंदी आहेत. म्हणजे दख्खनमध्ये काय वाचलं जायचं, याचा पुरावाच. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि क्रमांकापुढे अजूनही ‘बिजापूर’ लिहिलेलं असतं!

नव्या सरकारला या वारशाची किंमत किती होती? १८५४मध्ये मलिक-ए-मैदान तोफ ‘निरुपयोगी सामान’ म्हणून लिलावात निघाली. बोली लागली १५० रुपये. लोकांच्या भावना बघून विक्री रद्द झाली, म्हणून ती आज जागेवर आहे. शहरातल्या एका मशिदीत पोस्ट ऑफिस होतं, दुसरीत डाकबंगला. ते पुढे लॉर्ड कर्झनने हलवले, हेही सांगायला हवं.

१८९२मध्ये गोलघुमटासमोरच्या नक्कारखान्यात म्युझियम सुरू झालं. आसार महालातले जुने गालिचे तिथे आले. त्यामुळे आता एकाच महालाचं सामान तीन ठिकाणी आहे: आसार शरीफ महालात, गालिचे थोड्याच अंतरावरच्या म्युझियममध्ये आणि ग्रंथ लंडनमध्ये. गालिचे बघायला विजापूरकराला तिकीट पुरतं. ग्रंथ बघायला व्हिसा लागतो.