नवाब टँक रोडवरचा चीन

लालबागच्या नाक्यावरची चायनीजची गाडी अजून लागायची आहे. मी एकटीच घोडपदेववरून चालत माझगावला निघाले आहे, मुंबईतलं जुनं चायनाटाऊन बघायला. कोलकात्याच्या टांगरा या चायनाटाऊनचे फोटो पाहून मनात बरंच काही रंगवून ठेवलंय: लाल कंदील, दुकानांवरची चिनी अक्षरं, दारात गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या.

नवाब टँक रोडवर यातलं काहीच दिसत नाही. गॅरेज, किराणा, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. डॉकयार्ड रोडला हार्बरची गाडी शिरते, तिचा खडखडाट इथवर येतो. एका पोराला चिनी लोकांविषयी विचारते. तो म्हणतो, ‘चायनीज ना? संध्याकाळी मिळेल.’ मला एकदम उदास वाटतं.

चिनी देऊळ मात्र सापडतं. साधं दुमजली घर, लाल दार. सी यिप कून, 1919 सालचं. कँटनकडच्या खलाशांनी उभारलेलं. वर लहानशी खोली, लाल-सोनेरी रंगांनी भरलेली. मधे क्वान कुंग, तिसऱ्या शतकातला सेनापती, आता न्यायाचा देव. त्याच्यापुढच्या भांड्यातल्या राखेत उदबत्त्यांचे जळके बुडखे उभे आहेत. बाजूला कौल लावायच्या काड्या; नळकांडं हलवायचं आणि जी काडी खाली पडेल तिचा अर्थ पाहायचा. मी हात लावत नाही. वर माझ्याशिवाय कुणीच नाही.

खाली कट्ट्यावर एक वयस्कर गृहस्थ बसलेत.

‘काका, इथं चिनी लोक राहायचे ना?’

‘राहायचे म्हणजे? माझी दाढ चिनी डॉक्टरनंच उपटलीय. त्याच्या पोरांबरोबर गोट्या खेळलोय आम्ही.’

‘मग गेले कुठं?’

‘बासष्टची लढाई झाली, आणि लोक त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एकेक बिऱ्हाड उठलं. जाताना कुणी सांगितलंसुद्धा नाही.’

ते गप्प होतात. मलाही पुढं विचारवत नाही.

1962 च्या भारत-चीन युद्धाच्या वेळी भारतातल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. आरोप नाही, खटला नाही. त्यातल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. बाहेर राहिलेल्यांवर संशय आणि निर्बंध आले. मुंबईतली अनेक कुटुंबं पुढं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. ती आपली माणसं होती आणि आपण त्यांना परकं केलं, हा अन्याय होता. त्यांचे नूडल्स आपण आपलेसे केले, मंचुरियन तर 1975 च्या सुमारास मुंबईतच जन्मलं. पण त्या शेजाऱ्यांची आठवण नव्या पिढीपर्यंत पोचलीच नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाला उरलीसुरली कुटुंबं या देवळात जमतात. तेव्हा जरूर जा. आणि माझगाव-कामाठीपुऱ्यात वाढलेलं कुणी वडीलधारं तुमच्या घरात असेल, तर त्यांच्या चिनी शेजाऱ्यांची नावं आजच विचारून लिहून ठेवा.