मडक्यावर बसली साळुंकी!

दोन काठ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बांधायच्या. त्यांना आजोबांचा फाटका सदरा चढवायचा. वर पालथं मडकं आणि मडक्यावर चुन्यानं काढलेले बटबटीत डोळे. झालं की बुजगावणं तयार!

ज्वारी हुरड्यात आली, की चिमण्या, साळुंक्या, पोपट यांचे थवेच्या थवे शेतात उतरतात. माणसासारखं काही उभं दिसलं, की ते आधी उडतात आणि विचार नंतर करतात. आपण त्यांना भित्रे म्हणू, पण रानात हाच शहाणपणा जीव वाचवतो.

पण पाखरं खुळी नसतात बरं का! ती लांबून नीट बघत असतात. हा गडी ओरडत नाही, गोफण फिरवत नाही, जागचा हलतसुद्धा नाही. मग एखादी धीट साळुंकी जवळच्या कणसावर उतरते. तिला काही झालं नाही म्हटल्यावर बाकीच्या येतात. आणि थोड्याच दिवसांत एखादी खुशाल मडक्यावर बसून पिसं साफ करते! ज्यात धोका नाही त्याला रोज भीत बसलं, तर दाणे टिपायचे कधी? म्हणून पक्ष्यांचा मेंदू अशी भीती हळूहळू सोडून देतो.

शेतकरीही काही कमी नाहीत. ते बुजगावण्याची जागा बदलतात, सदरा बदलतात, हातांना चकाकती पट्टी बांधतात. तरी माळ्यावर उभं राहून हाकारे देणाऱ्या राखणदाराची सर त्याला येत नाही ती नाहीच.

जपानमध्ये मात्र बुजगावण्याचा भलताच मान! ‘कोजिकी’ या इ.स. ७१२ मधल्या ग्रंथात कुएबिको नावाचा देव आहे, आणि तो चक्क बुजगावणं आहे. त्याला चालता येत नाही, पण जगातलं सगळं ठाऊक असतं. दिवसभर उघड्यावर उभं राहून सगळं बघणाऱ्याला ठाऊक असणारच, नाही का?

आता त्याच काठ्यांवरचं मडकं आणि सदरा काढून त्या हरभऱ्याच्या शेतात रोवा. झाला पक्षीथांबा! इथे पक्ष्यांना हाकलायचं नसतं, बोलवायचं असतं. कोतवाल त्यावर बसतो आणि हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळ्या टिपतो. काही शेतकरी तर हरभरा पेरतानाच त्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळतात. ज्वारीची उंच ताटं म्हणजे पक्ष्यांना आयती बैठक!

या हिवाळ्यात गावी गेलात, तर सकाळी दहा मिनिटं हरभऱ्याच्या बांधावर गप्प उभे राहा. कोतवाल किती वेळा खाली झेपावतो ते मोजा आणि आम्हाला लिहून कळवा.