पत्रक आणि पगार

कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ पासून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना प्रथमच विमानाची पायरी चढविली. तिकीट स्वस्त, खाणे विकत, असा तो काटकसरीचा संसार. २००७ मध्ये तो किंगफिशरच्या हाती गेला, पुढे त्याचे 'किंगफिशर रेड' असे बारसे झाले आणि २०११ च्या सप्टेंबरात ही स्वस्त सेवाच बंद करण्याचे जाहीर झाले. पूर्ण भाड्याच्या प्रवाशांकडून उत्पन्न अधिक मिळते, हा विजय मल्ल्या यांचा युक्तिवाद ठळकपणे छापला गेला. इंधनाची उधारी किती, वैमानिकांना व यंत्रज्ञांना वेतन केव्हा मिळाले, हे तितक्याच ठळकपणे विचारले गेले असे आम्हांस म्हणवत नाही. दिवाणखान्याचा थाट कर्जावर चालू ठेवून स्वयंपाकघरास कुलूप लावणे, यास पुनर्रचना कशी म्हणावी? कांदोळीच्या बंगल्यातील मेजवान्यांची वर्णने मात्र गोव्यात चवीने वाचली गेली!

२०१२ च्या ऑक्टोबरात, कित्येक महिने बिनपगारी राबलेल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबविल्यावर, कंपनीचा परवाना निलंबित झाला. विमानकंपनीचे पत्रक हाती येताच वार्ताहराने आधी पगाराचा हिशेब मागावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हाही पगार थकलेलेच होते.