बोंडातली भिंत

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूर सोडून पुढे निघाली की चिंचपाडा स्टेशन येते. नंदुरबार जिल्ह्याच्या या भागात सिमेंटची घरे वाढली असली, तरी पाड्यांवर कुडाच्या भिंती अजून दिसतात. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या आडव्या-उभ्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा गिलावा द्यायचा. बांबू नसेल तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या चालतात. कामट्या ताण सोसतात, माती फटी बुजवते. नुसती माती पहिल्या पावसात वाहून जाईल आणि नुसत्या कामट्यांतून वारा आत येईल.

वनस्पतीची पेशी स्वतःभोवती असाच कूड उभारते. आपल्या पेशीला बाहेरून फक्त पातळ पटल असते. शरीर उभे धरायचे काम हाडे करतात. झाडाला हाडे नाहीत. त्याच्या पेशीत पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो. तो दाब सोसून पेशी फुटू नये आणि झाड ताठ राहावे, यासाठी पटलाबाहेर भिंत लागते. त्या भिंतीतल्या कामट्या म्हणजे सेल्युलोज. गिलाव्याच्या जागी पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि लाकडात लिग्निन. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हा पदार्थ वेगळा ओळखला आणि पुढे त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले.

गिलावा जवळजवळ नाहीच, नुसत्या कामट्याच आहेत, अशी भिंत पाहायची असेल तर खानदेशात लांब जावे लागत नाही. कापसाचे बोंड पुरे आहे.

कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरच्या पेशींपैकी काही पेशी, फूल उमलते त्याच सुमारास, फुग्यासारख्या बाहेर येतात आणि लांबत जातात. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू असतात. तीन आठवड्यांच्या आसपास ही पेशी अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, म्हणजे आपल्या रुंदीच्या हजार पटींहून अधिक. मग लांबणे थांबते आणि आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढू लागतात. शेवटी पेशी मरते, बोंड उकलते, पाणी उडून जाते आणि पोकळ नळी चपटी होऊन पीळ खाते. त्या पिळामुळेच धागे एकमेकांना धरतात आणि सूत निघते. हातात येतो तो कापूस म्हणजे मेलेल्या पेशींच्या भिंती. त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज.

हे सेल्युलोज विणते कोण? याचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा शेवट यावा लागला. १९८० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मक्याच्या पेशीच्या पटलावर सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या रचना दिसल्या. हीच विणकाम करणारी यंत्रे असावीत असा तर्क होता, पण त्यातले प्रथिन कोणते ते हाती लागत नव्हते. ते सापडले कापसातच. भिंत जाड होण्याच्या टप्प्यावरच्या तंतूंमध्ये कोणती जनुके कामाला लागलेली असतात, हे डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूच्या जनुकाशी जुळणारी जनुके त्यांना मिळाली. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. सेल्युलोज सिंथेज हे त्या प्रथिनाचे नाव. शोध लागायला कापूसच उपयोगी पडला यात नवल नाही. या पेशीला त्या दिवसांत दुसरे कामच नसते.

या यंत्राची रीत पाहण्यासारखी आहे. पेशीच्या आतल्या बाजूने ग्लुकोजचा एकेक रेणू घ्यायचा, साखळीला जोडायचा आणि साखळी पटलातून बाहेर ढकलायची. अशा शेजारशेजारच्या, सध्याच्या अंदाजाने अठरा, साखळ्या बाहेर पडताच एकमेकींना घट्ट चिकटतात आणि एक कामटी तयार होते. कामटी मागे भिंतीत अडकलेली असल्यामुळे यंत्रच पुढे सरकत राहते. २००६ मध्ये स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी या प्रथिनाला चकाकणारी खूण जोडून जिवंत पेशीत ते सरकताना पाहिले. पटलाच्या आतून सूक्ष्मनलिका नावाचे रूळ असतात आणि यंत्रे त्यांच्या मार्गानेच धावत होती. धावत होती म्हणायचे इतकेच! त्या वेगाने एक मिलिमीटर कापायला जवळपास दोन दिवस लागतील. तरीही त्या वेळात दर सेकंदाला सुमारे दहा ग्लुकोज जोडले जातात, आणि एका पेशीत अशी असंख्य यंत्रे एकाच वेळी चालू असतात.

यंत्र मात्र पटलावर आयते उगवत नाही. प्रथिने पेशीच्या आत बनतात, गॉल्जी नावाच्या भागात त्यांची जुळणी होते, मग चिमुकल्या पिशव्यांत भरून ती सीमेवर नेली जातात आणि रुळांच्या जवळ उतरवली जातात. काही मिनिटे काम केले की त्यांना आत ओढून घेतले जाते, जागी दुसरी येतात. ही वाहतूक अडली तर भिंतीचे काम अडले. २००९ मध्ये दोन गटांनी असे दाखवले की पेशीवर पाण्याचा ताण आणला की ही यंत्रे पटलावरून नाहीशी होतात आणि आतल्या पिशव्यांत जाऊन बसतात. हे प्रयोग मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपावर, प्रयोगशाळेत झालेले आहेत. शिवारातल्या कापसाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा ध्यानात येते.

कारण शिवारात वेळ नेमकी हीच असते. कोरडवाहू कापूस जून-जुलैत पेरला जातो, सप्टेंबरपर्यंत बोंडे धरतात आणि भिंत जाड होण्याचे दिवस पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात येतात. जमिनीतली ओल ओसरत असते. त्यातच लाल्या पडला तर पाने तांबडी होतात. मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता, रात्रीची थंडी ही त्याची कारणे सांगितली जातात. हिरव्या रंगद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागीच मॅग्नेशियम असते. पान तांबडे झाले म्हणजे साखर कमी तयार झाली. बोंडापर्यंत पोहोचणारी साखर घटली म्हणजे कामट्यांचा कच्चा माल घटला. बोंड उकलते, कापूस पांढराही दिसतो, धाग्याची लांबीसुद्धा भरते, कारण लांबण्याचे दिवस आधीच होऊन गेलेले असतात. भिंत तेवढी पातळ राहते.

या पातळपणाचे पैसे होतात. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत, १९२४ मध्ये सुरू झालेल्या आणि आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, १९३०च्या दशकात धागे कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पक्के किती आणि कच्चे किती ते मोजले जात होते. आता मायक्रोनेअर पाहतात. ठरावीक वजनाची रुई डबीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. भिंती पातळ असतील तर तेवढ्याच वजनात धागे जास्त बसतात, हवा अडते आणि आकडा खाली येतो. हमीभावाच्या निकषांत लांब धाग्याच्या कापसाला २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबीसोबत ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर लागतो. कच्च्या धाग्याच्या गुठळ्या होतात आणि तो रंग नीट धरत नाही. खेडा खरेदीत मुठीने कापूस दाबून भाव सांगितला जातो, तिथे हा आकडा कोणी काढत नाही. शेतकऱ्याला कळते ते एवढेच, की भाव पडला.

माणसाच्या शरीराचा या भिंतीशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच. फरक जोडणीत. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा रेणू उलटा बसवलेला असतो, म्हणून साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळीला चिकटते. ही जोड कापणारे विकर आपल्याकडे नाही. बैलाकडेही नाही, त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. त्यामुळे भाकरी आपली आणि कडबा त्याचा. भाजी, डाळीची साले आणि कोंडा यांतले सेल्युलोज आपल्या आतड्यातून बरेचसे तसेच पुढे जाते. ते मळाचे आकारमान वाढवते. बद्धकोष्ठाच्या रुग्णाला हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडेच. सोबत पाणी मात्र पुरेसे हवे.

न विरघळण्याचा हा गुण शस्त्रक्रियेच्या खोलीत दुधारी ठरतो. गॉज रक्त टिपते, पण जखमेत वितळत नाही, म्हणूनच ते बांधता येते आणि काढता येते. तेच पोटात राहून गेले तर शरीर त्याचे काहीच करू शकत नाही. त्याभोवती गाठ धरते किंवा पू होतो. या प्रकाराला वैद्यकात ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात आणि त्या शब्दातले ‘गॉसिपियम’ म्हणजे कापूसच. टाके घालण्याआधी परिचारिका गॉज आणि मॉप मोठ्याने मोजतात ते यासाठी. सेल्युलोजवर ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया केली तर मात्र ते शरीरात विरघळते. अशा पट्ट्या रक्तस्राव थांबवायला वापरतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांत त्या नाहीशा होतात.

घरच्या रुईचा बोळा जखमेवर दाबण्याची सवय अजून गेलेली नाही. ताज्या कापसावर मेणाचा थर असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगतो आणि रक्तही नीट शोषत नाही. दवाखान्यातला कापूस कॉस्टिक सोड्यात उकळून, मेण काढून, पांढरा केलेला असतो. शिवाय सुटे तंतू जखमेला चिकटतात आणि काढताना खपली निघते. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, निर्जंतुक गॉज नसेल तर धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड घडी करून दाबून धरावे आणि तसेच दवाखाना गाठावा.