उष्णता, पोलाद आणि चुंबकत्व

शहापूर व मुरबाड तालुक्यांत राबासाठी फांद्या तोडणाऱ्या कोयत्याची धार टिकते, ती लोहाराने दिलेल्या पाण्यामुळे. लालबुंद पोलाद एकदम थंड केले की कठीण होते, राखेत सावकाश निवू दिले की नरम राहते. त्याच क्रियेने पोलादाचे चुंबकीय गुणही पालटतात.

शाळेत याची प्रचीती सहज घेता येईल. शिवणाच्या दोन सुया शिक्षकांनी स्वतः चिमट्यात धरून केशरी-लाल होईपर्यंत तापवाव्यात. अशा तप्त सुईला चुंबक ओढत नाही, कारण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे लोहचुंबकत्व नाहीसे होते. निवल्यावर तो गुण परत येतो. एक सुई पाण्यात बुडवावी, दुसरी गरम राखेत पुरावी. नंतर दोहोंवरून चुंबक एकाच दिशेने सारख्याच वेळा फिरवावा. पाण्यात विझवलेली सुई चुंबकत्व अधिक धरून ठेवते, राखेतील सुई ते लवकर गमावते. एकदम थंड झालेल्या पोलादात अंतर्गत ताण राहतात आणि ते चुंबकत्वाच्या सूक्ष्म विभागांना हलू देत नाहीत.

कायमच्या चुंबकाला असे कठीण पोलाद चालते. विजेच्या मोटरीला याच्या उलट गुण हवा. तिच्या गाभ्यातील चुंबकत्वाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते आणि प्रत्येक वेळी काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून गाभा सिलिकॉनमिश्रित नरम पोलादाच्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचा करतात. पत्रे कापताना आलेला ताण नियंत्रित भट्टीत तापवून व सावकाश निववून घालवता येतो. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. प्रत्येक पत्र्यावर विद्युतरोधक लेपही असतो.

ग्रामपंचायतींचा संबंध येथे येतो. नळपाणी योजनेच्या पंपाची जमिनीवरील मोटर जळाली की जुने वाइंडिंग सैल करण्यासाठी काही वेळा तिचा सांगाडा उघड्या आगीत टाकला जातो. तेथे उष्णतेवर ताबा राहत नाही. साधारणतः ३७० अंशांपलीकडे पत्र्यांवरील लेप बिघडू लागतो आणि पत्र्यापत्र्यांतून निरर्थक प्रवाह फिरतात. मोटर चालू होते खरी, परंतु अधिक तापते, अधिक वीज खाते व पुन्हा लवकर जळण्याचा धोका वाढतो. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद पडते आणि बिलही वाढते.

यास्तव वाइंडिंग तापमान-नियंत्रित भट्टीतच काढण्याची अट दुरुस्तीच्या आदेशात घालावी. भाराविना चालणारी मोटर किती वॅट घेते, याची नोंद मोटर सुस्थितीत असतानाच करून ठेवावी आणि दुरुस्तीनंतरच्या आकड्याशी ती ताडून पाहावी. वाढ मोठी असल्यास गाभ्याची तपासणी झाल्यावाचून मोटर ताब्यात घेऊ नये.