पोथी कोणाचे रक्षण करते?

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या घाटंजी परिसरात कापसाच्या पहिल्या वेचणीची लगबग सुरू होते. चातुर्मास अद्याप संपलेला नसतो. काही खेड्यांतून सायंकाळी पोथीवाचन चालू असते. साधारण याच दिवसांत अलिबाग, पनवेल, मुंबई, ठाणे आणि पुणे येथील सिनेगॉगमध्ये एक आगळा सण साजरा होतो. त्याचे नाव 'सिम्हात तोरा', म्हणजे तोरेचा आनंद. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. वर्षभर दर शब्बाथला तिचा ठरलेला भाग वाचावयाचा, या दिवशी अखेरचा अध्याय संपवावयाचा आणि त्याच बैठकीत विश्वोत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला पुन्हा आरंभ करावयाचा. ग्रंथ संपला असे म्हणण्याची सवड कोणालाही मिळत नाही. या सणाला चर्मपत्राच्या गुंडाळ्या छातीशी धरून लोक व्यासपीठाभोवती सात फेऱ्या घालतात, गातात आणि नाचतात.

ग्रंथ घेऊन नाचणे हे महाराष्ट्राला नवखे नाही. ज्ञानेश्वरी डोक्यावर घेऊन पंढरीची वाट चालणारे वारकरी आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. परंतु यहुदी परंपरेने या आनंदाबाबत एक ठाम विधान केले आहे आणि ते अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही विचार करावयास लावणारे आहे. तोरेचा अभ्यास माणसाचे रक्षण करतो, असे तालमुदमध्ये सांगितले आहे. एखादे धर्मकृत्य ते करीत असताना तारते; अभ्यास मात्र तो चालू असताना आणि थांबल्यावरही तारतो, असा भेदही तेथे केलेला आढळतो. हे विधान केवळ श्रद्धेचे म्हणून सोडून द्यावे, की त्यात आपल्यासारख्या मास्तर-कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असे काही आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बुडालेले ग्रंथ आणि उरलेले वाक्य

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जेरुसलेमपर्यंत जाण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. सामानाबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. पुढे कित्येक शतके हा समाज ग्रंथाविना, गुरूविना आणि स्वधर्मीयांच्या संपर्काविना राहिला. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपुरकर अशी त्यांची आडनावे पडली. भाषा मराठी झाली, वेषही इथला झाला.

हिब्रू विसरली गेली. मात्र 'शेमा' हे एकेश्वराची ग्वाही देणारे वाक्य टिकले. जन्म, सुंता, विवाह आणि मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तेच एक वाक्य म्हटले जाई. सणांची मूळ नावे गेली, कारणेही विस्मृतीत गेली. पण दिवस राहिले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन त्यांच्या घरी 'बिरड्याचा सण' म्हणून उरला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करीत. शोक कशाचा हे ठाऊक नसताना पिढ्यानपिढ्या बिरडे शिजत राहिले. त्यांच्यात पुढे दाविद राहबी नावाचा एक परदेशी यहुदी आला, त्याने त्यांच्या चालीरीतींवरून त्यांना ओळखले आणि काहींना धर्मशिक्षण दिले, अशी परंपरा आहे.

येथे कोणालाही तुकोबांची आठवण व्हावी. गाथा इंद्रायणीत बुडविली गेली आणि तरली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती पाण्यावर तरली की लोकांच्या ओठांवर, हा वाद आपण बाजूला ठेवू. कागद बुडाल्यानंतरही जे उरते ते कोणी तरी मनापासून म्हटलेले असते, एवढे दोन्ही कथांतून समानपणे दिसते.

ओसाड अंगणात पुन्हा पाठशाळा

अठराव्या शतकाच्या अखेरीस या समाजात पुनरुज्जीवनाचे पर्व सुरू झाले. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी या तेल्यांच्या मुलांना हिब्रू अक्षरे गिरवावयास लावली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. विल्सनसाहेबांना धर्मांतराची आशा होती, हे उघड आहे. पण बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला.

जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४-१९०५) या शिक्षकाने तर आयुष्यभर हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह वल्हांडणाचा 'हग्गादा' छापला गेला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. परंतु या साऱ्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १८८० साल. त्या सुमारास काही बेने इस्रायल तरुणांनी आपल्या हरिदासांची कीर्तनपद्धती उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी या वृत्तांत मराठीतून रचून गावयास आरंभ केला. ज्या बायाबापड्यांना हिब्रूचे एक अक्षर येत नव्हते त्यांना आपल्याच पूर्वजांची कथा प्रथमच झांजांच्या नादात ऐकावयास मिळाली. ज्ञान आधी व आनंद मागाहून, असा क्रम येथे नव्हता. आनंदाच्या वाटेनेच ज्ञान घरात आले.

खर्च आणि लाभ

आता थोडा अर्थशास्त्राचा विचार करू. मारिस्टेला बोत्तिचीनी आणि त्स्वी एकस्टाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यहुद्यांच्या इतिहासाचा या अंगाने विचार केला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सुमारे ६४ साली, सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालावे असा दंडक यहुदी धर्मधुरीणांनी घातला. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले. योहानान बेन झक्काई या पंडिताने रोमन सेनापतीकडे यव्ने हे गाव आणि तेथील विद्वान एवढेच मागून घेतले, अशी कथा आहे. यज्ञवेदीची जागा पाठशाळेने घेतली. पण त्या काळी बहुसंख्य यहुदी शेतकरी होते. शेतकऱ्याच्या मुलाला वाचता येऊन शेतात एक पायली अधिक पिकत नव्हती. उलट शिक्षणाचा खर्च होई आणि शेतातले दोन हात कमी होत. परिणामी ज्यांना हा खर्च झेपला नाही असे कितीतरी लोक पुढील शतकांत धर्मापासून दूर गेले, असे या ग्रंथकारांचे प्रतिपादन आहे. जे उरले त्यांच्या वंशजांना साक्षरतेचा लाभ कित्येक पिढ्यांनंतर, इस्लामी साम्राज्यातील नगरे आणि व्यापार वाढल्यावर मिळाला.

हे विवेचन पटण्याजोगे आहे. तरी त्यात एक जागा रिकामी राहते असे मला वाटते. ज्या पिढ्यांना खर्च तेवढा दिसत होता आणि लाभ दृष्टिपथात नव्हता, त्यांपैकी काहींनी अभ्यास का सोडला नाही? सातशे वर्षांनी बगदादेत व्यापार वाढेल, असा हिशेब कोणी केला नसणार. एकच उत्तर संभवते. त्यांच्या लेखी अभ्यास हा निव्वळ खर्च नव्हताच. तोच लाभ होता.

याला पुरावा त्यांच्या धर्मनियमांतच सापडतो. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी उपवास करावयाचा आणि त्याबरोबर तोराही अभ्यासावयाची नाही, असा नियम आहे. का? तर तिच्या अभ्यासाने अंतःकरण आनंदित होते आणि शोकाच्या दिवशी आनंद वर्ज्य आहे. त्या दिवशी विलापगीतांसारखे दुःखाचे भाग तेवढे वाचता येतात. अभ्यासबंदी ही सुतकातील गोष्ट मानणारा समाज आणि अभ्यासाला सुटी मिळताच टाळ्या पिटणारे आमचे वर्ग, यांतील अंतर मला अस्वस्थ करते.

रक्षण म्हणजे काय?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ग्रंथाने रक्षण होते म्हणता, तर मग ग्रंथ हाती असलेली माणसे मारली का गेली? २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला तेव्हा तेथील धर्मगुरू गाव्रिएल होल्त्सबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांना इतरांसह प्राणास मुकावे लागले. त्या घरात तोरेचे अध्ययन नित्य चाले. पोथीने गोळी अडत नाही, हे यहुद्यांइतके कोणालाही ठाऊक नसेल. दुसऱ्या शतकात रोमनांनी तोरा शिकविण्यावर बंदी घातली असता रब्बी अकिवा उघडपणे शिकवीत राहिला. त्याने त्या वेळी सांगितलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे. मासेमारांच्या जाळ्याला भिऊन पळणाऱ्या माशांना कोल्हा म्हणाला, कोरड्यावर या. मासे म्हणाले, जेथे आम्ही जगतो तेथेच भय वाटत असेल, तर जेथे मरणार तेथे किती वाटेल! अकिवाला रोमनांनी हाल करून मारले. तरीही रक्षणाचे वचन सांगणारी परंपरा त्यालाच आपला थोर गुरू मानते. तेव्हा रक्षणाचा अर्थ देह वाचणे असा तिला अभिप्रेत नसावा. पाण्याने माशाला जाळ्यापासून वाचविले नाही, तरी त्याचे मासेपण पाण्यातच टिकते. नरिमन हाउसही २०१४ मध्ये पुन्हा उघडले.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. यवतमाळचे नाव वृत्तपत्रांत बहुधा कोणत्या बातम्यांमुळे येते, हे वाचकांना सांगावयास नको. कर्ज, नापिकी आणि कोसळलेला भाव यांवर पोथीवाचन हा उपाय आहे असे मी म्हटले, तर ती क्रूर थट्टा ठरेल. त्यांवरचे उपाय सिंचन, पतपुरवठा आणि बाजारव्यवस्था यांतच शोधावे लागतील. माझे आजोबा कोरडवाहू शेतकरी होते. श्रावणात ओसरीवर 'हरिविजय' लागे. एका वर्षी पऱ्हाटीची बोंडे अळीने खाल्ली आणि सावकार दोनदा दारी येऊन गेला. त्या वर्षी तरी वाचन राहू द्यावे असे आजीने सुचविले. आजोबा म्हणाले, "पीक गेलं तं गेलं. हेही कायले घालवू?" त्या श्रावणात रोज रात्री दहा-पंधरा माणसे ओसरीवर येत राहिली. कर्ज त्याने फिटले नाही. पण ज्याचे कर्ज थकले होते तो माणूस महिनाभर एकाही रात्री एकटा बसला नाही. रक्षण या शब्दाचा अर्थ मला तेथे प्रथम कळला, असे आज वाटते.

आपल्या वर्गांचे काय?

तुकडोजी महाराजांनी विदर्भातील खेड्यांसाठी ग्रामगीता लिहिली आणि सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली, ती याच जाणिवेतून. वाचन ही एकट्याने उरकावयाची गोष्ट नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. यहुदी पाठशाळांतही विद्यार्थी जोडीजोडीने बसतात, मोठ्याने वाचतात आणि एकमेकांशी कडकडून वाद घालतात. आमच्या अभ्यासिकांत मात्र शेतकऱ्यांची मुले भिंतीकडे तोंड करून स्पर्धा परीक्षांची पुस्तके पाठ करीत असतात. शंभरांनी बसावे आणि एखाद्याला जागा मिळावी, अशी स्थिती आहे. जो लागला त्याचा अभ्यास सार्थकी लागला आणि उरलेल्यांची वर्षे वाया गेली, असा हिशेब गावही मांडतो आणि ती मुलेही मांडतात. हा हिशेब मला भयावह वाटतो. ज्याचे मूल्य निकालाच्या यादीवरच ठरते, ते निकालाच्या दिवशी बहुतेकांच्या हातून निसटणार. मग सांभाळावयास काय उरते?

यात दोष मुलांचा नाही. आम्ही अध्यापकांनीच त्यांच्या हाती ग्रंथाऐवजी गाइड दिले आणि 'हे परीक्षेला येणार नाही' या एका वाक्याने त्यांचे कितीतरी प्रश्न मिटवून टाकले. मी स्वतः ते वाक्य वर्गात अनेकदा उच्चारले आहे. नोकरीसाठी शिकू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. पोट कोणाला चुकले आहे? पण आठवड्याला एक तास असा असावा की ज्यात परीक्षेला न येणारे काही तरी चारजणांनी मिळून, मोठ्याने वाचावे आणि त्यावर भांडावे. त्याला अनुदान लागत नाही, की परिपत्रकही लागत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास वीस हजारांच्या घरात असलेला बेने इस्रायल समाज बहुतांशी इस्रायलला गेला. आता भारतात त्यांची संख्या काही हजारच आहे. कोकणातील काही सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमविणेही अवघड जाते. तरी शरद ऋतू येतो, शेवटचा अध्याय वाचून होतो आणि कोणी तरी लगेच पहिला अध्याय उघडतो. ज्यांचे ग्रंथ एकदा समुद्रात बुडाले होते, त्यांचे ते वंशज आहेत. आमच्या मुलांच्या हातून परीक्षा निसटली तरी पुस्तक निसटू नये, एवढे शिकविणे तर आमच्या हाती आहे.