वंशावळ-संशोधन, अमेरिकेतील
एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण अमेरिकन पूर्वजांचा माग काढण्याची पद्धती. खेड्यांतील जन्म-मृत्यूंची सक्तीची नोंद बहुतेक राज्यांत विसाव्या शतकातच स्थिरावली. त्यामुळे दशवार्षिक जनगणना हाच मुख्य आधार होय. १८४० पर्यंत तीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. १८५० पासून प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले गेले. १८५० व १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मात्र मालकाच्या नावाखाली बहुधा वय, लिंग व वर्ण एवढेच येते. त्यांच्या वंशजांचा शोध म्हणूनच पुष्कळदा १८७० पाशी अडतो. १८९० ची बहुतेक पत्रके वॉशिंग्टनमधील आगीत (१९२१) व त्यानंतर नष्ट झाली. ही पोकळी खरेदीखते, मृत्युपत्रे आणि होमस्टेड कायद्यान्वये (१८६२) १६० एकर जमिनीसाठी केलेल्या अर्जांतील शेजाऱ्यांच्या साक्षी काही अंशी भरून काढतात. विवाहितेचे माहेरचे आडनाव कधीकधी घरच्या बायबलच्या पानावरच सापडते.